काटा खोटा, की माल लपलेला?

मुक्ताईनगरात वादाला विषयांची वाण नाही. केळीचा भाव, कापसाची खरेदी, हायवेचं रुंदीकरण, आमदारकी; यातला कुठलाही एक विषय ओट्यावर अख्खी संध्याकाळ पुरतो. पण २०२५ च्या मे महिन्यात नानांच्या ओट्यावर जो वाद पेटला तो विश्वाच्या पंच्याण्णव टक्क्यांवरून होता, आणि तो अजून मिटलेला नाही.

निमित्तं दोन होती. २० मे रोजी पुण्यात खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर गेले. त्याच आठवड्यात इकडे मुक्ताईच्या अंतर्धान सोहळ्याची गर्दी होती, कोथळीच्या रस्त्याला दिंड्या लागल्या होत्या. सोहळ्यासाठी नानांची पुतणी घरी आली होती. नाना निवृत्त, अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. नारळीकरांचं मराठीत छापलेलं एकही पुस्तक त्यांनी सोडलेलं नाही. पुतणी जळगावला एम.एस्सी. करून आता पुण्यात दीर्घिकांच्या समूहांवर पीएच.डी. करते. मी शेजारी. केळी लावतो, अधूनमधून लिहितो, आणि अशा वेळी दोघांच्या मध्ये बसतो.

प्रश्न जुना आहे. दुर्बिणींना जे दिसतं त्यापेक्षा विश्वात कितीतरी जास्त वस्तुमान असल्यासारखं सगळं फिरतं. त्या न दिसणाऱ्या भागाला कृष्णद्रव्य म्हणतात. आणि विश्व नुसतं प्रसरण पावत नाही, तर प्रसरणाचा वेग वाढतो आहे. तो वाढवणाऱ्या कशाला तरी कृष्णऊर्जा म्हणतात. ओट्यावर मात्र डार्क मॅटर आणि डार्क एनर्जी हेच शब्द चालले.

नाना : विश्व कशाचं बनलंय ते माहीत नाही म्हणता, आणि वर टक्केवारी सांगता. पाच टक्के आपलं नेहमीचं द्रव्य, सत्तावीस टक्के डार्क मॅटर, अडुसष्ट टक्के डार्क एनर्जी. बेरीज बरोबर शंभर. माझ्या वर्गातल्या पोराने असं लिहिलं असतं तर मी विचारलं असतं, बाळा, जे तुला ओळखू येत नाही त्याचे टक्के कसे काढलेस?

पुतणी : वजन करायला ओळख लागत नाही, नाना. काका, तुम्हीच सांगा. बागेत कापणी झाली. तुम्ही घड मोजले, सरासरी वजन धरलं, हिशेब आला दहा टन. ट्रक काट्यावर गेला आणि काट्याने दाखवले साठ टन. काय म्हणाल?

मी म्हणालो, आमच्याकडे काटा चुकतो तो कमी दाखवण्याकडे. जास्त दाखवणारा काटा मी तरी पाहिला नाही. पण साठ टन दाखवले तर काटा खोटा म्हणेन.

नाना : बघ. शेतकरी माणूस पहिल्यांदा काट्यावर संशय घेतो, ट्रकमध्ये अदृश्य केळी आहेत असं म्हणत नाही.

पुतणी : बरोबर आहे, पहिल्यांदा काट्यावरच घ्यावा. पण एकच काटा असेल तर. फ्रिट्झ झ्विकीने १९३३ मध्ये कोमा नावाच्या समूहातल्या दीर्घिकांचे वेग बघितले. सेकंदाला हजार किलोमीटरच्या आसपास. एवढ्या वेगाने त्या केव्हाच एकमेकींना सोडून गेल्या असत्या. दिसणाऱ्या ताऱ्यांचं गुरुत्वाकर्षण त्यांना धरून ठेवायला पुरत नव्हतं.

नाना : त्याच कोमात नंतर क्ष-किरणांत बघितल्यावर तापलेला वायू सापडला. ताऱ्यांपेक्षा जास्त वस्तुमानाचा. म्हणजे झ्विकीला जे दिसत नव्हतं त्यातला एक भाग साधा हायड्रोजन निघाला! तुम्ही नाव ठेवायची घाई केलीत.

पुतणी : वायू धरूनही तूट राहिली, आणि मोठी राहिली. मग १९७० मध्ये व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानी दीर्घिकेचं मोजमाप केलं. सूर्यमालेत बुध सेकंदाला सत्तेचाळीस किलोमीटरने धावतो, नेपच्यून साडेपाचच्या आत. लांब जाल तसा वेग घटतो, हे तुम्हीच शिकवलंत. दीर्घिकेत तसं होत नाही. केंद्रापासून कितीही लांब जा, वेग दोनशे-सव्वादोनशेच्या खाली यायला तयार नाही. नंतर बघितलेल्या दीर्घिकांमध्येही हेच.

नाना : इथेच मोर्देहाय मिलग्रॉम येतो. १९८३. तो म्हणाला, माल मोजलेला बरोबर आहे, काटाच हलक्या वजनाला वेगळा चालतो. प्रवेग एका मर्यादेखाली गेला की न्यूटनचा नियम बदलतो. ती मर्यादा किती माहीत आहे का रे भो? त्या प्रवेगाने एखादी वस्तू जागेवरून निघाली तर वर्षभराने तिचा वेग सेकंदाला चार मिलिमीटर होईल. मुंगी तिला मागे टाकेल. एवढ्या क्षीण प्रवेगात न्यूटन कोणी तपासला होता? कुणीच नाही.

आता मुक्ताईच्या गावात मुंगीचं नाव निघालं की कुणीतरी सूर्य गिळणाऱ्या मुंगीच्या अभंगावर जाणारच, आणि दोन घरं सोडून बसलेला एक जण गेलाच. संतांना हे सगळं आधीच ठाऊक होतं, म्हणाला. चांगदेवाने पाठवलेला कोरा कागद म्हणजे डार्क मॅटरच. काका-पुतणी एरवी कशावर एकमत होत नाहीत, पण यावर झाले. नाना दरवर्षी आषाढीला मुक्ताईच्या पालखीबरोबर निदान काही मुक्काम तरी चालतात. ते शांतपणे म्हणाले, मुक्ताईने जे सांगितलं ते माणसाच्या आतलं सांगितलं. तिच्या नावावर दीर्घिकांचे वेग खपवू नका, तिला त्याची गरज नाही. तो जण उठून कीर्तनाला गेला.

नाना : मिलग्रॉमचा नियम चालतो हे तुम्हालाही मान्य करावं लागतं. २०१६ मध्ये मॅकगॉ आणि त्याच्या जोडीदारांनी १५३ दीर्घिकांचा हिशेब मांडला. दिसणाऱ्या द्रव्यावरून किती ओढ असायला हवी आणि प्रत्यक्षात किती आहे, सगळे बिंदू एका वळणावर बसतात. अदृश्य मालाचा ढीग प्रत्येक दीर्घिकेत वेगळा पडला असता तर असं एका रेषेत कसं आलं असतं?

पुतणी : हा मुद्दा खरा आहे आणि आमच्याकडे त्याचं सोपं उत्तर नाही. दीर्घिकेपुरता मिलग्रॉम चालतो. पण समूहांवर आला की अडतो, तिथे त्यालाही न दिसणारं काहीतरी धरावंच लागतं. २००६ चा बुलेट क्लस्टर घ्या. दीर्घिकांचे दोन समूह एकमेकांवर आदळून आरपार गेले. त्यांच्यातला वायू आदळून मध्येच अडकला, आणि साधं द्रव्य बहुतेक सगळं त्या वायूतच असतं. मागून येणारा प्रकाश कुठे वाकतो ते बघून वस्तुमान कुठे आहे याचा नकाशा काढला. वस्तुमान वायूपाशी नव्हतं. ते दीर्घिकांबरोबर पुढे निघून गेलं होतं. काका, काटा खोटा असता तर जिथे माल आहे तिथेच जास्त दाखवला असता ना? हा काटा माल नाही तिथे वजन दाखवतोय.

मी केळीवाला म्हणून सांगतो, इथे मी फिरलो. काटा दुप्पट दाखवेल, दसपट दाखवेल. पण ट्रक इकडे आणि वजन पलीकडच्या पार्किंगमध्ये, असं दाखवणारा काटा नसतो. नाना मात्र एका उदाहरणावर हार मानणाऱ्यातले नाहीत.

पुतणी : उलटंही सापडलंय. २०१८ मध्ये पीटर व्हॅन डोक्कम यांच्या गटाने एनजीसी १०५२ जवळची एक फिकट दीर्घिका बघितली. तिच्यात डार्क मॅटर जवळजवळ नाहीच असं त्यांना दिसलं. अंतरावरून वाद झाला, पण निष्कर्ष टिकून आहे. निसर्गाचा नियमच बदलला असेल तर तो या दीर्घिकेला सोडून बाकीच्यांना लागू कसा? माल मात्र एका ट्रकमध्ये असतो, दुसऱ्यात नसतो. आणि तिसरा काटा सगळ्यात जुना. विश्व तीन लाख ऐंशी हजार वर्षांचं असताना सुटलेला प्रकाश आज सूक्ष्मलहरी म्हणून येतो. त्याच्यातल्या बारीक चढउतारांत साधं द्रव्य किती आणि प्रकाशाशी घेणंदेणं नसलेलं किती, याचा हिशेब वेगवेगळा निघतो. प्लँक उपग्रहाचे टक्के तिथून आलेत. दीर्घिकांचा त्यात काही संबंध नाही, तरी आकडा जुळतो.

नाना : जुळू दे. कण दाखव. दक्षिण डाकोटातल्या सोन्याच्या जुन्या खाणीत, दीड किलोमीटर खोल, दहा टन द्रवरूप झेनॉन घेऊन माणसं बसलीत. आपल्याकडे झारखंडात जादुगुड्याच्या युरेनियमच्या खाणीत, ५५५ मीटरवर, साहा इन्स्टिट्यूटने प्रयोगशाळा केलीय. कुणाला एक तरी कण लागला?

पुतणी : नाही.

नाना : मग?

पुतणी : मग ज्या वजनाचे आणि ज्या ताकदीने धडकणारे कण शोधत होतो, ते बरेचसे बाद झाले. ही माहितीच आहे. आणि नाना, मुळात किती आहे ते बघा. आपल्या परिसरात डार्क मॅटर इतकं विरळ आहे की पृथ्वीच्या अख्ख्या आकारमानात कुठल्याही क्षणी अर्धा ते पाऊण किलो भरेल. एवढा मोठा पृथ्वीचा गोल, त्यात अर्धा किलो. आणि तेही कशाला न अडखळता आरपार जाणारं.

हा आकडा ऐकून मी घरी जाऊन कागदावर करून पाहिला. येतो. विश्वाच्या चौथ्या भागाहून जास्त व्यापणारी गोष्ट, आणि आपल्या पायाखालच्या सगळ्या ग्रहात तिचा वाटा अर्धा डझन केळ्यांचा. दीर्घिकेत ती जिंकते कारण दीर्घिका म्हणजे बहुतेक रिकामी जागाच, आणि रिकाम्या जागेतही हे अर्धा-पाऊण किलो पसरलेलंच असतं. तारे मात्र ठिपक्यासारखे कुठे कुठे.

मग तर्कांची यादी निघाली. ॲक्सिऑन नावाचे अतिहलके कण. झेनॉनच्या टाकीत ते सापडणारच नाहीत, त्यांना जोरदार चुंबकीय क्षेत्रात प्रकाशात बदलायला भाग पाडावं लागेल. पुतणीचा जीव मात्र दुसऱ्या तर्कावर. विश्वाच्या पहिल्या क्षणांत, तारे जन्मायच्या कितीतरी आधी, दाट जागी द्रव्य कोसळून छोटी कृष्णविवरं झाली असतील तर? हॉकिंग आणि बर्नार्ड कार यांनी १९७० च्या दशकात मांडलेली ही कल्पना. मोठ्या वजनाची अशी विवरं सगळं डार्क मॅटर असू शकत नाहीत. ती मागच्या ताऱ्याचा प्रकाश काही काळ वाढवतात आणि तशा घटना पुरेशा दिसल्या नाहीत. पण मध्ये एक फट अजून मोकळी आहे.

पुतणी : लघुग्रहाएवढं वजन आणि अणूएवढा आकार. अशी विवरं असली तर कुठलाच नवा कण नको, न्यूटन बदलायला नको.

नाना : अणूएवढं विवर. आणि हसायचं मात्र माझ्या मिलग्रॉमला.

पुतणी : हसत नाही. दोघंही तपासता येतात म्हणून दोघंही चालतात. सूर्याहून हलकी दोन विवरं एकमेकांवर आदळताना ऐकू आली तर ती ताऱ्यांपासून बनलेली नसणार. तारा मरून एवढं हलकं विवर होत नाही. हिंगोलीत औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहतेय, २०२३ मध्ये सरकारने सव्वीसशे कोटी मंजूर केलेत. ती चालू झाली की अशा आदळण्याची दिशा जास्त नेमकी कळेल. अणूएवढी त्यात सापडणार नाहीत, पण सूर्याहून हलकी सापडली तर पुढचं दार उघडलं.

इथवर पुतणीचं पारडं जड होतं, असं माझं मत. नाना घरात जाऊन नारळीकरांचं पुस्तक घेऊन आले तेव्हा मी ओळखलं, आता डार्क एनर्जी निघणार. तिथे त्यांचा जीव गुंतलेला आहे.

१९९८ मध्ये दोन गटांनी, एक सॉल पर्लमटरचा आणि दुसरा ब्रायन श्मिट व ॲडम रीस यांचा, दूरच्या सुपरनोव्हांचा प्रकाश मोजला. विशिष्ट जातीचे हे स्फोट जवळपास सारख्याच तेजाचे असतात, म्हणून किती मंद दिसतात त्यावरून अंतर निघतं. ते अपेक्षेपेक्षा मंद निघाले, म्हणजे लांब निघाले. म्हणजे प्रसरण मंदावायच्या ऐवजी वाढतंय. २०११ चं नोबेल यालाच मिळालं.

नाना : आता ऐक. १९६० च्या दशकात केंब्रिजमध्ये हॉईल आणि नारळीकर काय सांगत होते? एक क्षेत्र आहे, त्याची ऊर्जा ऋण आहे, त्यातून द्रव्य जन्मतं आणि विश्व ढकललं जातं. स्थिरस्थिती विश्वात, म्हणजे सदा सारख्याच राहणाऱ्या विश्वात, प्रसरणाचा वेग वाढायलाच हवा. सगळं जग तेव्हा म्हणत होतं, गुरुत्वाकर्षणाने प्रसरण मंदावत असणार, फक्त किती ते मोजायचं राहिलंय. तीस-पस्तीस वर्षांनी मोजलं तर वाढतंय! याला तुम्ही डार्क एनर्जी म्हणता आणि नोबेल घेता.

पुतणी : हे मान्य. त्यांनी वेग वाढतो म्हटलं होतं आणि तेव्हा फार कोणी म्हणत नव्हतं. पण त्यांच्या सिद्धांतात वाढीचा आकडा ठरलेला होता, आणि मोजलेला त्याच्या जेमतेम निम्म्यावर आहे. शिवाय विश्व सदा सारखंच असतं तर लांबचे, म्हणजे जुने रेडिओ स्रोत जवळच्यांसारखेच मोजणीत यायला हवे होते. तसे आले नाहीत. १९६५ ला सूक्ष्मलहरी सापडल्या, त्या मुळात स्थिरस्थितीत बसतच नव्हत्या.

नाना : म्हणून तर १९९३ मध्ये हॉईल, बर्बिज आणि नारळीकरांनी नवी मांडणी केली. विश्व मोठ्या काळात प्रसरण पावतं, आणि त्यावर पन्नास अब्ज वर्षांच्या आसपासचे हेलकावे. सूक्ष्मलहरी कशा? सुपरनोव्हातून लोखंडाची वाफ बाहेर पडते, थंड होताना तिच्या धुळीऐवजी केसांसारख्या सुया होतात, मिलिमीटरभर लांबीच्या. ताऱ्यांचा जुना प्रकाश त्या शोषतात आणि सूक्ष्मलहरींत परत सोडतात. आणि १९९८ चे सुपरनोव्हा मंद का? त्याच सुया वाटेत आल्या म्हणून. डार्क मॅटर काय? आधीच्या हेलकाव्यातले विझलेले तारे. नवा कण नको, गूढ ऊर्जा नको. लोखंड आणि मेलेले तारे, ज्याला हात लावता येईल असं.

नानांचा आवाज इथे चढला होता. मला स्वतःला लोखंडाच्या सुया आवडतात, हे लपवत नाही. अंतराळात केसाहून बारीक लोखंडी सुया तरंगताहेत आणि त्यांनी विश्वाच्या कडेचा दिवा मंद केलाय, हे चित्र कुठल्याही समीकरणापेक्षा मनात लवकर बसतं. पण लवकर बसतं हीच त्याची अडचण असावी.

पुतणी : सुयांनी दिवा मंद होतो. अंतर नाही ना बदलत? २००५ पासून दुसरीच पद्धत आहे. बालविश्वातल्या ध्वनिलहरींचा ठसा दीर्घिकांच्या मांडणीत उरलाय. दीर्घिका एका ठराविक अंतरावर किंचित जास्त भेटतात, आज ते अंतर पन्नास कोटी प्रकाशवर्षांच्या जवळ. ही फूटपट्टी आहे, तिला उजेडाची पर्वा नाही. वाटेत सुया असोत, धूळ असो, तिची लांबी तीच. आणि तीही म्हणते, वेग वाढतोय.

नाना : हं.

पुतणी : एक बोलू का? १९७४ मध्ये नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या नावाने. हे तुम्हीच मला शाळेत असताना सांगितलं होतं. स्वतःचं नाव बघून गुण मिळू नयेत म्हणून. तुम्ही मात्र त्यांचं नाव बघून गुण देताय.

नाना काही वेळ बोलले नाहीत. मग जे बोलले त्याने माझ्या मते वाद वर गेला.

नाना : ठीक. पण मग नारळीकरांना गुण कशाचे द्यायचे ते मी सांगतो. त्यांच्या मांडणीत काय दिसलं तर ती मोडेल आणि काय दिसलं तर टिकेल, हे त्यांनी आधी लिहून ठेवलं. अतिशय फिकट दीर्घिकांमध्ये काहींचा प्रकाश तांबड्याकडे न सरकता निळ्याकडे सरकलेला सापडेल, कारण त्या मागच्या हेलकाव्यातल्या. आपल्या विश्वाच्या वयापेक्षा म्हातारे तारे सापडतील. नाही सापडले, नाही सापडले. पण लिहिलं होतं. ज्योतिषालाही त्यांनी तसंच धरलं. २००८ मध्ये पुण्यात हुशार मुलांच्या शंभर आणि मतिमंद मुलांच्या शंभर कुंडल्या घेतल्या, सत्तावीस ज्योतिष्यांना ओळखायला दिल्या. ४६ टक्के बरोबर आल्या. नाणं उडवलं असतं तर पन्नास. आता तू सांग, तुझी डार्क एनर्जी काय दिसलं तर मोडेल?

हा प्रश्न योग्य होता आणि पुतणीने तो टाळला नाही. सगळ्यात साधं स्पष्टीकरण आइन्स्टाइनचं १९१७ चं: रिकाम्या जागेलाच एक ठराविक ऊर्जा आहे, जागा वाढली तरी तिची घनता तीच. मोजली तर ती किती? एका घनमीटरला तीन-चार प्रोटॉनांएवढी. पृथ्वीच्या अख्ख्या आकारमानात सहा मिलिग्रॅम. इथे कण-भौतिकी आपला हिशेब घेऊन येते आणि निर्वात जागेच्या ऊर्जेचा ढोबळ आकडा सांगते, तो मोजलेल्यापेक्षा एकावर एकशेवीस शून्यं एवढ्या पटीने मोठा.

नाना : एकशेवीस शून्यं! काट्याचं काय घेऊन बसलात, इथे तर दुकानच खोटं आहे.

पुतणी : म्हणूनच इथे तर्क जास्त आहेत. पुण्यातच आयुका या खगोलविज्ञानाच्या संस्थेत थानू पद्मनाभन होते, २०२१ ला गेले. त्यांचं म्हणणं, बाकीच्या भौतिकीत ऊर्जेचं शून्य कुठेही धरलं तरी चालतं, फरक तेवढा महत्त्वाचा. फक्त गुरुत्वाकर्षणालाच शून्य कुठे आहे याची पर्वा का असावी? ते गुरुत्वाकर्षणाला उष्णतेसारखं बघत. उष्णता ही मूळ वस्तू नाही, अणूंच्या हालचालींचा एकत्रित परिणाम आहे. तसंच अवकाशही कशाच्या तरी एकत्रित परिणामातून आलंय. त्या मांडणीत निर्वाताची ती राक्षसी ऊर्जा गुरुत्वाकर्षणाला दिसतच नाही, आणि उरलेला छोटा आकडा वेगळ्या वाटेने येतो. मला पटतं असं नाही, पण दुखणं त्यांनी नेमकं धरलं.

नाना : आणि ऊर्जा ठराविक नसेल तर?

पुतणी : तेच तुमच्या प्रश्नाचं उत्तर. आयुकातलेच वरुण साहनी आणि मॉस्कोचे अलेक्सेई स्टारोबिन्स्की कितीतरी वर्षं सांगत होते की डार्क एनर्जी स्थिर आहे असं गृहीत धरू नका, निरीक्षणांनाच बोलू द्या. २०१४ मध्ये अरमान शफीलू यांच्याबरोबर त्यांनी दाखवलं की तेव्हाची माहिती स्थिर ऊर्जेशी थोडी फटकून आहे. फार कुणी मनावर घेतलं नाही. आता डेसीने, ॲरिझोनातल्या दुर्बिणीवरच्या त्या यंत्राने, जवळजवळ दीड कोटी दीर्घिका आणि क्वासार मोजले. या मार्चमध्ये निकाल आला: डार्क एनर्जी पूर्वी जास्त होती आणि आता उतरतेय, असा इशारा आहे. कुठले सुपरनोव्हा जोडता त्यावर खात्री २.८ ते ४.२ सिग्मा. शोध म्हणायला पाच लागतात. पाच झालं तर आइन्स्टाइनचा ठराविक आकडा मोडला. मी तो सोडेन.

नाना : आणि डार्क एनर्जी मुळात नसेलच तर? न्यूझीलंडचे विल्टशायर म्हणतात, विश्व सगळीकडे सारखं नाही. मोठमोठ्या पोकळ्या आहेत आणि पोकळीत गुरुत्वाकर्षण कमी म्हणून तिथलं घड्याळ पुढे पळतं. पोकळ्यांत जास्त काळ गेला, जास्त प्रसरण झालं. तुम्ही सगळ्या विश्वाला एकच घड्याळ लावलंत म्हणून वेग वाढल्यासारखा दिसतो. विश्व इतकं सारखं असतं तर तुमच्या आयुकाच्या लोकांना २०१७ मध्ये 'सरस्वती' कशी सापडली? पासष्ट कोटी प्रकाशवर्षं पसरलेला महासमूह, चार अब्ज प्रकाशवर्षं लांब.

पुतणी : विल्टशायर मी वाचते. घड्याळांचा फरक खरा आहे, पण वाढत्या वेगाचा सगळा भार उचलायला फार मोठा फरक लागेल, आणि त्याला सूक्ष्मलहरींचा हिशेब अजून पूर्ण जुळवायचाय. तरी त्याला मी लोखंडाच्या सुयांच्या वर ठेवते.

नाना : मी शेजारी ठेवतो.

माझं मत विचाराल तर डार्क मॅटरबाबत नाना हरले आहेत आणि त्यांना ते ठाऊक आहे. काटे एकापेक्षा जास्त झाले की काट्यावर संशय घेणं महाग पडतं. डार्क एनर्जीचं तसं नाही. तिथे काटे कमी आहेत, आणि त्यातला सगळ्यात बोलका काटा अजून सुपरनोव्हाच. त्यावर नानांचा संशय म्हातारपणाचा हट्ट नाही.

पुतणी पुण्याला गेली, वाद व्हॉट्सॲपवर गेला. नोव्हेंबरात नानांनी मला पहाटे पाचला मेसेज पाठवला. कोरियाच्या योन्सेई विद्यापीठातल्या गटाचा निष्कर्ष होता: सुपरनोव्हाचं तेज ज्या ताऱ्यांतून तो आला त्यांच्या वयावर अवलंबून आहे, तरुण वस्तीतले थोडे मंदच असतात. जुन्या विश्वात सगळी वस्ती तरुण. ही दुरुस्ती केली तर आज विश्वाचा वेग वाढतच नाही, उलट मंदावायला लागलाय. खाली नानांचं वाक्य: सुया नसतील, पण मंद दिवाच निघाला ना?

पुतणीने त्याच आठवड्यातला दुसरा लेख पाठवला. डेसीच्या ४.२ सिग्मामागे जे सुपरनोव्हा होते त्यांची मोजमापं ते मोजणाऱ्या गटानेच पुन्हा तपासली होती आणि खात्री ३.२ वर आली होती. म्हणजे तिचा स्वतःचा आवडता इशाराही थोडा सैल झाला. सोबत तिने नानांना एकच प्रश्न विचारला: कोरियाच्या हिशेबात दीर्घिकेच्या वस्तुमानाची दुरुस्ती आधीच केलेली असते, मग वयाची दुरुस्ती वेगळी धरताना एकच गोष्ट दोनदा वजा झाली की नाही, ते तुम्ही तपासलंत का?

नाना कोरियाच्या त्या लेखाची प्रिंट काढून आणायला जळगावला निघाले आहेत. मुक्ताईनगरच्या झेरॉक्सवाल्याचा रंगीत प्रिंटर बंद आहे, आणि आलेखांत लाल-निळे बिंदू आहेत.